कमान क्रमांक चार

जलपर्णीवर फळी टाकून तायाप्पा
होळकर पुलाच्या पोटात शिरला.
हातोडीनं एकेक दगड ठोकायचा,
कान लावायचा :
‘हा बोलतोय. हाही.
हा मुका. लिहा, बाई.’
मी लिहीत गेले.
वहीवर चुन्याची भुकटी.

मधल्या दगडाला तळवा टेकून म्हणाला,
‘सगळेच पडायला निघालेले.
एकमेकांच्या वाटेत आले,
म्हणून पूल.’

कॉलेजात याच गोष्टीचे
बाण काढून मला
दहापैकी सात मिळाले होते.

सांध्यातला पिंपळ उपटताना
त्याचा हात जरा थांबला.
मग मुक्या दगडावर
खडूनं फुली मारली.

वरून येरवड्याची बस गेली.
आकडे मला पाठ होते,
भार, उंची, सगळं.
तरी आम्ही दोघांनीही
माना खाली घातल्या.