कुसळ

हॉर्टनला मे महिन्यात रात्र नावापुरतीच असते.
मॉसकडे जाणारी फेरीबोट धक्का सोडते
तेव्हा तोरुन लॅबच्या दाराशी बूट काढत असते.
मग टोपी, मग झगा, मोजे, मोज्यांवर मोजे;
माणूस झाकत झाकत जावा
आणि शेवटी उरावेत फक्त डोळे.
आत हवासुद्धा गाळून घेतलेली.
पिवळ्या दिव्याखाली आम्ही सगळे
कुणाच्या तरी लग्नाची हळद लागल्यासारखे.

आम्ही एक पडदा घडवतो आहोत, सिलिकॉनचा.
केसाचे पन्नास पदर काढावेत
आणि त्यातला एकच उचलावा, इतका जाड.
त्याच्यामागे बंद पोकळी.
डोळ्यातलं पाणी तुंबलं की पडदा लवतो,
लवला की आकडा बोलतो.
तांदळाच्या कणीएवढं ते सगळं
एक दिवस बुबुळाच्या कडेला बसेल
आणि काचबिंदू नजर खाण्याआधी सांगेल.
एक दिवस.
वर्षं सात झाली.

तोरुनचे वडील सिगवार्ट गोदीत वेल्डर होते.
अंगठ्याएवढ्या जाड पत्र्याला पत्रा जोडत
बत्तीस वर्षं जहाजांच्या पोटात काढली.
मिलिमीटर म्हणजे त्यांच्या लेखी काहीच नाही,
"तो तर घासताना जातो."
आता त्यांना समोरचं दिसतं, कडेचं विझत चाललंय.
म्हणतात, तुझं यंत्र दाखव.
ती चिमट्यात धरून दाखवते.
ते चिमटा बघतात.
"छान आहे," म्हणतात.

मंगळवारी अख्खा घाणा वाया गेला.
बाकीचे तुकडे आधीच बाद झाले होते,
एकच उरला होता, आणि झाकण बसताना
त्याच्याच पोकळीत काहीतरी अडकलं.

'दाब' या एका शब्दाचे आम्हा चौघांत चार अर्थ;
एका टेबलाशी बसायलाच दोन वर्षं लागली होती.
त्या दिवशी ती दोन्ही वर्षं पुसली गेली.
ओडवार म्हणाला, रसायनवाल्यांनी धुतलं नाही नीट.
सोल्वाय म्हणाली, तुमचं गणितच कच्चं.
मी म्हणालो, डॉक्टरांनी माप तिसऱ्यांदा बदललं.
दुसऱ्याच्या विषयातलं कुसळ
प्रत्येकाला लख्ख दिसत होतं.

मग सिलिकॉनच्या पार बघणारा दिवा लावला.
स्क्रीनवर आला तो:
गोलसर, अंगाला तीन तोंडं,
कुणीतरी वेळ घेऊन घडवल्यासारखा.
आमच्या सात वर्षांत आम्ही इतकं नेटकं काही केलं नव्हतं.
डॉक्टर बाई हसल्याच. "हा बर्चचा पराग.
दर मे महिन्यात मी याच्यापायी शिंकते."

तोरुन काही बोलली नाही.
जेवणाच्या सुट्टीत पावावर तपकिरी चीज लावता लावता
सुरीकडे बघत म्हणाली,
सकाळी बाबा अंगणातली पायरी चुकले.
कडेची होती ना.
बर्चखाली पडले होते, मी उचललं,
त्यांचं डोकं माझ्या गालाशी होतं.
सगळं झाकलं मी नंतर.
पापण्या कशा झाकणार?

नोंदवहीत 'कारण' या रकान्यापुढे
ओडवारने बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं.
मग लिहिलं: पराग, नग एक.

बाद चकती फेकून द्यायची असते. ती तिने दिली.
पण परागाचं चित्र छापून घरी नेलं,
जहाजाच्या खिडकीएवढं मोठं,
आणि म्हाताऱ्याच्या अगदी समोर धरलं.

"हे दिसतं," सिगवार्ट म्हणाले.
बराच वेळ बघत राहिले.
परागाकडे नाही, त्याच्या भोवतीच्या रेषेकडे,
जिथे झाकण पोकळीला चिकटलं होतं.
त्यावरून काळं पडलेलं बोट फिरवलं, एक पूर्ण फेरा.
"सांधा मात्र चांगला बसलाय."

बुधवारी तोरुन दाराशी आली, बूट काढले.
टोपी घालण्याआधी
बेसिनशी वाकून डोळे धुतले,
दोनदा,
उघडे ठेवून.