बालक क्रमांक सात

त्याचं नाव मला ठाऊक आहे.
बावीस वर्षं शिवाजीनगरच्या कोर्टात टंकलेखक आहे मी,
नावं माझ्या बोटांतूनच जातात.
पण हे नाव कायद्याने झाकलंय,
कवितेतसुद्धा उघडायचं नाही.
तर, बालक क्रमांक सात.

अकरा मुलं सापडली होती भवानी पेठेत
लाकडाच्या वखारींमागे, एका पोटमाळ्यावर,
शाळेची दप्तरं शिवणाऱ्या मशिनींपाशी.
अकरा आधारकार्डं, जन्मतारीख एकच: एक जानेवारी.
एका गावात एकाच थंडीत
अकरा पाळणे हलले म्हणायचे.

ससूनमध्ये त्यांच्या मनगटांचे एक्स-रे काढले.
हाडं खोटं बोलत नाहीत म्हणे;
नेमकंही बोलत नाहीत.
अहवाल आला: वय बारा ते चौदा.
मॅडमनी शंकेचा फायदा बालकाला दिला
आणि बारा धरले.
दुभाषी ठाकूर, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले,
त्यांनी ते त्याच्या बोलीत सांगितलं.
तो बराच वेळ बोटांवर काही मोजत राहिला.
मग विचारलं त्याने, ठाकूरांनी अडखळत मराठीत आणलं:
"म्हणजे ती दोन वर्षं पुन्हा काढावी लागणार का?"
हे लिहून घ्या, असं मॅडम म्हणाल्या नाहीत.
लिहू नका, असंही नाही.

आरोपीला दिसू नये म्हणून पडदा होता,
हिरवा, दवाखान्यातला असतो तसा,
जमिनीपासून वीतभर वर.
ती वीत कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.
पलीकडच्या चपला त्याने ओळखल्या
आणि दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले.
कुरणेबाई उठल्या, कोपऱ्यातले
निकाली निघालेल्या खटल्यांचे गठ्ठे
एकेक करून सरकवत आणले,
फट बुजवली. धूळ उडाली, मॅडम शिंकल्या.
मग हळूहळू एक पाय खाली आला.

बचावाचे वकील गोड बोलतात.
मुलगा कामाला नव्हताच, साहेब, पाहुणा होता तो.
मामाकडे पुणं बघायला आलेला.
"काय काय पाहिलंस रे? सारसबाग? पर्वती?"
तो म्हणाला, "तिथे खिडकी नव्हती."
"विचारलं तेवढंच सांग."
"नाही पाहिलं."
पाहुण्याने पुणं पाहिलं नाही
एवढंच आलं कागदावर. एवढ्याने काय होतं?

मग खर्डेकरबाईंना बॅगेतून पंचनामा काढायचा होता
आणि बॅगेची चेन अडकली.
ओढली, झटकली, दात लावायच्या बेतात होत्या.
त्याने हात पुढे केला. कुणाला काही विचारलं नाही.
बॅग मांडीवर घेतली, माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली,
शिसं दोन्ही बाजूंच्या दातांवर घासलं,
अस्तराचा एक धागा नखाने तोडला,
रनर मागे नेला, पुढे आणला.
आणि बॅग परत देताना मान खाली घातली,
जसं कुणीतरी आता नग मोजणार आहे.

"हरकत!" वकील उभे राहिले. कशाला हरकत,
ते त्यांनाही लगेच सुचेना.
मॅडमनी चष्मा काढून पुसला.
"बाई, घ्या:
साक्षीदाराने सरकारी वकिलांच्या बॅगेची अडकलेली चेन
कोणीही न सांगता
अंदाजे वीस सेकंदांत दुरुस्त केली."

सदर, नमूद, उपरोक्त, सबब...
बावीस वर्षं याच शब्दांच्या पायवाटेने चाललेय.
इतकं सरळ वाक्य
या खोलीत मी पहिल्यांदा टाइप केलं.
एकही चूक झाली नाही.

पुढची तारीख पडली सतरा. मामा अजून जामिनावर.
बालगृहाची गाडी संचेतीच्या पुलाखाली अडकली होती,
तोवर तो बाकावर बसून
कुरणेबाईंच्या पर्सची धडधाकट चेन
उघडत होता, लावत होता.

संध्याकाळी टेबल आवरताना पेन्सिल सापडली नाही.
शोधली नाही फारशी.
त्याने विचारलेला तो प्रश्न
मी शेवटी टाइप केला होता, पान चार, तळाला.
पेन्सिलीचं मात्र
कुठे लिहिलेलं नाही.