डाव्या हाताची गार

खाण बंद पडून किती वर्षं झाली ते विचारू नका.
मी काट्यावरचा कारकून.
टिपर यायचे, लाल, ओले, घाईतले,
मी आकडा लिहायचो, पावती फाडायचो.
डोंगराचं वजन तोंडपाठ होतं,
डोंगराकडे मान वर करून पाहिलं ते
तो निम्मा उरल्यावर.

आता कुशावतीत गळ टाकून बसतो.
मे महिन्यात नदी इतकी आटते
की खडपांचे गुडघे वर येतात.
तिथंच सापडली, चिखलात रुतलेली,
पांढऱ्या गारेची कपची.
एक कड दातेरी, दुसरी बोथट.
फेकणारच होतो पाण्यावर, टप्पे मोजायला.

उजव्या हातात बसेना.
अंगठ्याला जागा नाही, कड उलटी टोचते.
गळाचा गुंता सोडवताना डाव्या हातात घेतली
आणि ती बसली,
पावसाळ्यात फुगलेलं दार
दिवाळीनंतर चौकटीत बसतं, तशी.
अंगठ्याखाली खळगी,
तर्जनीला टेकायला सपाट पाठ,
मुद्दाम, दोन-तीन बारीक टवके काढून केलेली.

कुणीतरी डावखुरा.
किंवा डावरी.

आमचा सुरुंगवाला बोस्त्यांव म्हणायचा,
खडक आधी ऐकायचा, मग भोक पाडायचं.
स्वतः एका कानानं ठार बहिरा,
दुसरा कान दगडाला लावून बसायचा.
हिनंही ऐकलं असणार:
गोट्यानं एक टोला,
गार फिरवायची, पुन्हा टोला,
आवाज पिचका आला की टाकून द्यायची,
दुसरी घ्यायची. काठावर टाकलेल्यांचा ढीग,
मांडीवर पांढरा चुरा, डोळ्यांत जाईल म्हणून
तोंड वळवलेलं.

पल्याड पणसायमळला जांभ्यावर बैल कोरलेत,
गोल गोल फेऱ्यांची एक वाट कोरलीय.
लोक गाड्या करून येतात, फोटो काढतात.
त्या रेघा कुठल्या हातानं वळवल्या
हे मीही कधी पाहिलं नाही,
आणि जन्म इथंच गेला.

कपची दुकानात काट्यावर ठेवली. सत्तावीस ग्रॅम.
जुनी सवय. पावती मात्र कुणाच्या नावानं फाडणार?

मग आवडूकडे गेलो, थोरल्या बहिणीकडे.
चौथीत मास्तरांनी तिचा डावा हात
रुमालानं बाकाला बांधला होता,
पाचवीला ती गेलीच नाही.
अंगणात रातांबे फोडत होती.
मी काही न बोलता कपची पुढे केली.
तिनं न बघता घेतली, डाव्यात,
आणि एक रातांबा मधोमध चिरला,
मग दुसरा, मग सुपातले सगळे,
बिया एकीकडे, सालं एकीकडे.
मनगटावरून रस कोपरापर्यंत.

"बरी चालते रे," म्हणाली,
"कुठल्या बाजारातली?"

मी नदीचं नाव सांगितलं.
"मग आणखी असतील," म्हणाली,
"मला एक मोठी बघ, फणसाला."

पणजीला नेऊन द्यायला हवी, कळतं मला.
काचेखाली ठेवतील, क्रमांक पडेल,
खाली लिहितील काहीतरी हजार वर्षं.
आवडूनं ती राखेनं घासली,
धुतली, आणि विळीशेजारी उन्हात
पालथी घातली.
उद्या मागेन म्हणतो.
उद्या तिचा केप्याचा बाजार,
परवा सोलं वाळत घालायची.