समासात

नागपूरहून ती आली दुपारच्या एसटीनं,
सॅकमध्ये एकशे चाळीस प्रश्नावल्या,
आणि माझ्या नववी ‘ब’ला म्हणाली,
यात बरोबर-चूक काही नसतं.
वर्ग गप्प झाला.
असं इथं कोणी कधी म्हटलं नव्हतं.
वंश ठोकरेनं हात वर केला :
“मॅडम, मंग मार्क कायचे भेटते?”

पाच चौकोन. कधीच नाही पासून नेहमीपर्यंत.
प्रश्न सातवा : तुम्हाला खिन्न वाटते का?
खिन्न म्हणजे, सर?
मी मराठीचा मास्तर. अठरा वर्षं झाली
खिन्न, उदास, विषण्ण, म्लान
फळ्यावर लिहून देतो, दोन गुणांसाठी.
मागच्या बाकावरून आचल गेडाम, मान खाली :
“करमत नाई, तसं का?”
“तसंच,” मॅडम म्हणाल्या,
“पण शब्द बदलता येत नाही. चाचणी प्रमाणित आहे.”
पलीकडच्या वावरात थ्रेशर सुरू होतं,
तुरीचं कुटार खिडकीतून येऊन
चौकोनांवर बसत होतं. पोरं फुंकून फुंकून खुणा करत होती.

नाव लिहायचं नव्हतं.
गठ्ठा मी बांधला, वाचायला नको होता.
एका कागदावर सातव्या प्रश्नापुढं, समासात :
रविवारी जास्त.
त्यातला ‘र’ पडायच्या बेतातला.
असा ‘र’ अख्ख्या शाळेत एकीचाच,
लाल पेनानं मीच किती वेळा उभा केलाय.
“समासातलं मोजत नाहीत,” मॅडम म्हणाल्या.
मग मोबाइल काढून
त्या दोन शब्दांचा फोटो घेतला.

शिक्षकांसाठीचा फॉर्म वेगळा, पिवळा.
पोस्टानं पाठवा म्हणाल्या.
तालुक्याच्या खोलीवर भाजी गॅसवर ठेवून
प्रश्न अकरापर्यंत गेलो :
शाळेतून आल्यावर तुम्ही मनातलं कोणाशी बोलता का?
भाजी करपली.

रविवारी बावीस किलोमीटर गाडी काढली.
टेबलाच्या खणात चष्मा राहिला, असं
वाटेत भेटलेल्या सरपंचाला सांगितलं;
चष्मा नाकावर होता.
शाळेपुढच्या हातपंपावर आचल, कळशी घेऊन.
“सर, आज तं सुट्टी हाये.”
“हो.”
“मंग?”
कुलपाशी खाटखूट करत राहिलो बराच वेळ.
मग म्हटलं,
“करमत नव्हतं.”

ती हसली नाही.
कळशी बाजूला सरकवली,
दांडा हापसू लागली :
“ओंजळ धरा. पयलं पानी गरम येते.”