ओ

सकाळी सातला जोझिवानच्या डाव्या हातात
मी बारीक सुई बसवली, पट्टीने चिकटवली,
पहिली नळी भरली: शून्य मिनिट.
वय नऊ. उंची त्र्याण्णव सेंटिमीटर.
काल रात्रीपासून पोटात फक्त पाणी.

शेजारच्या खाटेवर मावसबहीण झेर्लानिया,
त्याच्याच वयाची, पाय खाटेबाहेर.
तिला तुलनेसाठी आणलंय, असं कागदावर आहे.
तिला वाटतं, सोबतीसाठी.

दोघांच्या शिरेत मी एकच औषध सोडते,
एकच निरोप, तोलून मापून.

डॉक्टर वाल्देनोरनी मला एकदा
पावाच्या पिशवीवर चित्र काढून दाखवलं होतं:
नाकाच्या मागे, खोल आत, देठाला लटकलेला एक हरभरा.
त्याच्या वर बसलाय हाक मारणारा.
"दे," म्हणतो तो. हरभरा देतो,
एकदम, ओंजळ रिकामी करून,
आणि सगळ्यांत जास्त पहिल्या गाढ झोपेत.
मग वरूनच दुसरा कुणी म्हणतो, "पुरे."
यकृताला मिळतं, यकृत हाडांना कळवतं
आणि उलट टपाली वर सांगतं: पोचलं. आता थांबा.
रात्रभर असं. दे. पुरे. दे.
आणि सारखी हाक मारत राहिलं
तर हरभरा बहिरा होतो,
आईच्या दहाव्या हाकेला मुलं होतात तसा.

पंधरा मिनिटं. नळी दोन.
बाहेर काल रात्रीच्या शेकोट्यांचा धूर अजून रेंगाळतोय,
जूनचा सण, कुणीतरी उरलेले फटाके उडवतंय.

तीस. नळी तीन.
जोझिवानचं पोट गुरगुरतं. तो हसतो.
त्याला कसं सांगू,
की भूकही तिथंच वर्दी देते,
पोटातून निघून, त्याच दाराशी.

पंचेचाळीस.
या आमच्या संत्र्यांच्या मळ्यांमागे
चार पिढ्या मामेभाऊ आतेबहिणींशीच लग्नं झाली,
आणि कुठल्या तरी आजोबांच्या रक्तात
एक अक्षर चुकीचं उतरलं, तसंच उतरत राहिलं.
हाक मारणारा आहे. घसा फोडून मारतो.
फक्त हरभऱ्याला ती ऐकायचा कान फुटला नाही.

साठ मिनिटं. दाराशी दोना झुल्मीरा शिवत बसल्यात,
त्याच्या आजोबांची बहीण. वय चौऱ्याहत्तर,
उंची एकशे बारा, पाय टेकवायला लाकडी खोका.
गावातल्या प्रत्येक नवरीची झालर त्यांच्या हातची.
चष्म्यावरून माझ्याकडे बघतात:
"पोरी, किती नळ्या भरणार? आमच्याकडे
ओ द्यायला कुणी नाही, हे मला बाराव्या वर्षी कळलं.
मग मी खुर्चीचे पाय कापले."

नव्वद. शेवटची. सुई काढली, कापूस दाबला.
झेर्लानियाने दोन वाट्या कुसकुस संपवलं,
त्याने अर्धी, आणि बाकीची तिला दिली.

दहा दिवसांनी आकडे आले.
तिची रेघ तिसाव्या मिनिटाला टेकडी चढते,
वर जरा रेंगाळते, उतरते.
त्याची सहाही टिंबं
तळाशी एका ओळीत, मुंग्यांसारखी.

डॉक्टर म्हणाले, आता रोज रात्री एक टोचणी,
हाकेची भानगडच नाही, थेट माल.
आईने डोळे पुसले. जोझिवानने मात्र
ती पिशवी, ते चित्र, बराच वेळ निरखलं.

"मग 'पुरे' कोण म्हणणार?"

डॉक्टरांनी मापाची टेप दाखवली, दर तीन महिन्यांनी,
रक्त तपासू, डोस बघू, असं काहीबाही.
त्याने मान हलवली, पटल्यासारखी नाही.
दोना झुल्मीरांनी दाताने धागा तोडला
आणि त्याच्या नव्या चड्डीला
चार बोटं जास्तीची दुमड ठेवली,
आत, टाक्यांखाली.