चौदाशे मीटर

कापडाचं माप मीच घेतलं.
नाल्यावरच्या पुलापासून स्टेडियमच्या तीन नंबर गेटापर्यंत,
डाव्या अंगाने, चौदाशे मीटर.
टेपचं दुसरं टोक शाबलोच्या हातात, पालिकेचा रोजंदारीवाला.
म्हणाला, शंभर कमी पडले सायबा,
नाहीतर शर्यतच झाली असती.
मी हसलो. वहीत आकडा लिहिला.

हिरवं कापड, नर्सरीवर ताणतात तसलं,
आठ फूट उंच, बांबूला सुतळीने बांधलेलं.
कामाचं नाव: सुशोभीकरण.
खर्चाचं सदर: इतर.

कापडाच्या अलीकडे एकवीस देशांचे झेंडे.
पलीकडे दुरगव्वाची खोली.
तिचा नवरा याच स्टेडियमच्या छतावरून पडला, मे महिन्यात.
शिडी ओली होती, असं अहवालात आहे.
मे महिन्यात.

फातोर्ड्याच्या त्या वळणावर एस्पेरांसाचा गाडा,
बावीस वर्षं तिथेच, तेच पातेलं, तोच रोस.
नोटीस मीच टाइप केली होती, मीच नेऊन दिली.
ती म्हणाली, वाच रे पुता, चष्मा घरी राहिला.
वाचून दाखवली.
पंचेचाळीस दिवसांसाठी, जनहितार्थ, सहकार्य अपेक्षित.
स्वतःच लिहिलेल्या ओळींवर मी दोनदा अडखळलो.
तिने ऐकून घेतलं, कांदा चिरत राहिली,
मग ऑम्लेट दिलं, वर लिंबू पिळलं, उंडो गरम करून दिला.
आणि पैसे घेतले.
बावीस वर्षांत पालिकेच्या माणसाकडून
पहिल्यांदा.
सुट्टे मोजून परत दिले.

उद्घाटनाचे दोन पास मिळाले मला.
खोटं कशाला बोलू, छान होतं सगळं.
एका इवल्याशा बेटावरची पोरगी
दहा हजार मीटरमध्ये शेवटची आली, एकटीच धावत,
बाकीच्या जणी पाणी पिऊन बसल्यावरही धावत,
आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं तिच्यासाठी.
माझी शर्वाणी खुर्चीवर चढून ओरडत होती.
माझाही गळा भरून आला.
तो हुंदका खराच होता. त्याचं काय करायचं
हे मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला, कापडाला भोकं पडलीत.
जाऊन मोजली: सव्वीस.
सगळी जमिनीपासून तीन फुटांवर.
मागून पोरं बस बघत होती,
बसमधल्या एका उंच काळ्या खेळाडूने म्हणे हात केला होता,
भोकाला.
शिवून घ्या, असा आदेश होता.
शाबलोने दाभण आणला, मी दोरा धरला.
आम्ही शिवत होतो तेव्हा पलीकडून
कुणीतरी बोट घालून बाहेर काढलं,
नख काळं, लहान.
शाबलो थांबला.
म्हणाला, हे राहू दे सायबा, पंचवीस लिहा.

मी पंचवीस लिहिले.

खेळाडू गेले. विमानतळावरचा फलक उतरला.
वीजबिल आलं, ते कुणी भरायचं यावर बैठका झाल्या.
वळणावर गाड्याच्या जागी आता एक मोठी कुंडी आहे,
तिच्यावर स्पर्धेचं चिन्ह, आत सिगारेटची थोटकं.
पंचेचाळीस दिवसांची मुदत वाढवल्याचं पत्र
कुणीच टाइप केलं नाही,
ती आपोआपच वाढली.
एस्पेरांसा केप्याला बहिणीकडे असते म्हणतात.
मी गेलो नाही. रस्ता तसा सोपा आहे.

आणि कापड?
ते एका रात्रीत गेलं, चौदाशेच्या चौदाशे मीटर.
बांबूसकट.
मी चौकशीला निघालो तेव्हा दिसलं:
दुरगव्वाच्या छपरावर,
कुणाच्या न्हाणीला आडोसा,
खाऱ्या बांगड्यांवर, कावळ्यांपासून वाचवायला.
पोरं माझ्याकडे बघत उभी.
मी खिशातून पेन काढलं, परत ठेवलं.
कचेरीत येऊन नोंद केली:
सदर कापड वादळी वाऱ्याने नष्ट.

त्या महिन्यात वारा नव्हता.

एक तुकडा माझ्याही घरी आहे. शाबलोने दिला,
अडीच मीटर, परसात मिरचीच्या रोपांवर.
ऊन जरा कमी लागतं त्यांना.
मधोमध एक शिवण आहे, वेडीवाकडी,
माझ्या दोऱ्याची.