चारशे बावीस

लष्करात, दाणाओळीमागच्या खोलीत
कूलर कोरडाच खडखडतोय.
मी पायथनमध्ये टँकरची एपीआय लिहितोय:
फंक्शनच्या कपाळाला @ लावायचं,
खाली चार मोकळ्या जागा सोडून
बोलायला लागायचं.
नाव: अक्षरं. फोन: दहा अंक.
लिटर: पूर्णांक.
घर क्रमांक: पूर्णांक, आवश्यक.

डीबग बंद केला, पोर्ट उघडला,
गुप्त किल्ली वेगळ्या फाइलीत दडवली
आणि आईला म्हटलं, झालं बरं का, जेवतोच.

जेवलो नाही.
लॉगमध्ये एकच विनंती अकरा वेळा,
नऊ चाळीसपासून:
रामकली, पाचशे लिटर, घर क्रमांक रिकामा.
चारशे बावीस. चारशे बावीस.
फ्रेमवर्क माझं फार सभ्य,
दर वेळी तेच सांगत होतं, न चिडता:
ही माहिती आवश्यक आहे.

बाराव्या वेळी तिनं त्या चौकटीत लिहिलं:
किले के नीचे, पीपल के पीछे, नीला दरवाज़ा.
हा पूर्णांक नाही, म्हणाला सर्व्हर.

मी पूर्णांक खोडला, अक्षरं केलं.
आवश्यकच्या जागी नन.
काहीच नाही, असाही एक शब्द आहे पायथनात,
आणि तो चालतो.
सर्व्हर पुन्हा उठवला.

आता बसलोय.
लॉग हलत नाही.
रात्री सव्वाबाराला
तेराव्यांदा कोण कशाला बटण दाबेल,
भांडी उपडी घालून निजल्यावर?

फोन मात्र दिलाय तिनं. दहाच्या दहा अंक.
तो मी आवश्यकच ठेवला होता.

लावतो.